केळीच्या काट्यासाठी फ्लटर : वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यांसाठी, ज्यांना गावात सगळे नाना म्हणतात, मी गेल्या वर्षी वजनाच्या नोंदीचे ॲप तयार केले. बागेत कटाई झाल्यावर काट्यावरचे वजन, कटती (वजनातली वजावट) आणि भाव नोंदवून शेतकऱ्याला तिथेच हिशेब दाखवायचा, एवढेच त्याचे काम. परंतु अनेक बागांत मोबाइलची रेंज धड मिळत नाही, मुनीमजींचा फोन साधा आणि जुना आहे, आणि वैशाखातल्या दुपारी पडद्यावरचे बारीक अक्षर दिसेनासे होते. या अडचणी समोर ठेवून मी ॲप बनवण्यासाठी गूगलचे फ्लटर हे साधन निवडले.

फ्लटरची पहिली स्थिर आवृत्ती ४ डिसेंबर २०१८ रोजी आली. डार्ट या प्रोग्रामिंग भाषेत एकदा लिहिलेला कोड अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर चालतो, हा त्याचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा गुण आहे. माझ्या कामात मात्र तो उपयोगी पडला नाही, कारण हे ॲप वापरणाऱ्यांपैकी एकाकडेही आयफोन नाही. शिवाय आयफोनसाठी ॲप बांधायला मॅक संगणक हवा आणि ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर भरायला हवेत, तर गूगल प्लेची नोंदणी २५ डॉलरमध्ये एकदाच होते. तरीही मी फ्लटरची शिफारस करतो आणि त्याचे कारण हॉट रीलोड हे आहे.

कोड बदलून जतन केला की ॲप बंद न होता तो बदल एक-दोन सेकंदांत फोनवर उमटतो, आणि अर्धवट भरलेली पावती होती तशीच राहते. याचे मोल मला नानांच्या शेडमध्ये कळले. मी पडद्यावर ‘वजावट’ लिहिले होते. मुनीमजी म्हणाले, ‘आमच्याकडे कटती म्हणतात, तेच लिहा.’ भावाच्या आधी मृगबाग की कांदेबाग (केळीच्या लागवडीचे दोन हंगाम) हे विचारले पाहिजे, हेही त्यांनीच सुचवले. फोन केबलने लॅपटॉपला जोडलेला होता, त्यामुळे ते सांगत गेले आणि मी तिथेच बदलत गेलो. दोन तासांत पडदा त्यांच्या वहीसारखा दिसू लागला. घरी जाऊन बदल करायचे आणि आठवड्याने पुन्हा दाखवायचे, या पद्धतीने हे ॲप कधीही त्यांचे झाले नसते. एक मर्यादा ध्यानात ठेवावी : ॲप सुरू होताना एकदाच चालणारा कोड बदलला, तर हॉट रीलोड पुरत नाही, हॉट रीस्टार्ट करावा लागतो आणि भरलेली माहिती पुसली जाते.

वेगाची पारख डीबग अवस्थेत, म्हणजे ॲप तयार होत असतानाच्या चाचणी रूपात, करू नये. त्या अवस्थेत कोड चालता चालता भाषांतरित होतो, तर अंतिम आवृत्तीत तो आधीच यंत्रभाषेत उतरवलेला असतो. मुनीमजींच्या फोनवर डीबगमध्ये अडखळणारी यादी अंतिम आवृत्तीत सुरळीत सरकली. माझ्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एम्युलेटर (संगणकावरचा आभासी फोन) फार जड पडतो, म्हणून मी सगळी चाचणी खऱ्या फोनवरच केली, आणि तेच योग्य आहे असे माझे मत झाले आहे.

मराठीच्या बाबतीत फ्लटर समाधानकारक आहे, पण सावध राहावे लागते. अक्षरे फ्लटर स्वतः रेखाटत असल्यामुळे मुक्तासारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट ॲपसोबत दिला की सगळ्या फोनवर जोडाक्षरे सारखीच दिसतात. फक्त ओळींमधले अंतर सढळ ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. आकड्यांसाठी इंटल हे पॅकेज (इतरांनी लिहिलेला तयार कोड) मराठी निवडल्यावर १,२५,००० असे देवनागरी अंकांत आणि आपल्या पद्धतीच्या स्वल्पविरामांसह लिहून देते. उलट दिशेने मात्र अशी सोय आपोआप होत नाही. मुनीमजींनी मराठी कीबोर्डवरून ‘२४’ लिहिले आणि पावती जतन होईना, कारण मजकुरातून संख्या काढणारी डार्टची मूळ सुविधा केवळ इंग्रजी अंक ओळखते. चूक माझी होती. मी स्वतः नेहमी इंग्रजी अंकांत लिहून तपासत होतो. आता प्रत्येक रकान्यातले देवनागरी अंक आधी बदलून घेतो. मराठी ॲप करणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी पहिल्या दिवशी करावी.

रेंज नसताना नोंदी फोनमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये राहतात आणि नेटवर्क आल्यावर सर्व्हरवर जातात. यात विशेष अडचण आली नाही. ॲपचा आकार मात्र कोटलिन या अँड्रॉइडच्या भाषेत लिहिलेल्या तशाच ॲपपेक्षा मोठा होतो, कारण रेखाटनाचे इंजिन सोबत येते. प्ले स्टोअरवर ॲप बंडल या स्वरूपात ॲप दिले की प्रत्येक फोनला त्याच्यापुरताच भाग मिळतो. आपल्याकडे एपीके (ॲपची थेट बसवता येणारी फाइल) व्हॉट्सॲपवर पाठवण्याची रीत आहे. तसे करायचे असल्यास प्रोसेसरनिहाय वेगळ्या फायली बांधाव्यात.

खरा त्रास ब्लूटूथ काट्याने दिला. त्यासाठी घेतलेल्या पॅकेजची देखभाल थांबलेली होती आणि ते नव्या अँड्रॉइडवर चालेना. शेवटी काट्याशी बोलणारा भाग मी कोटलिनमध्ये लिहिला आणि प्लॅटफॉर्म चॅनलने, म्हणजे फ्लटर आणि फोनच्या मूळ कोडमधल्या दुव्याने, फ्लटरला जोडला. त्यात तीन आठवडे गेले. पॅकेज निवडण्यापूर्वी त्याची शेवटची सुधारणा कधी झाली, हे पाहिले असते तर ते वाचले असते. आता यावलच्या एका दूध संकलन केंद्राचे काम आले आहे. त्याचे पडदे मी पुन्हा फ्लटरमध्येच करणार आहे, पण काट्याचा भाग पहिल्या दिवसापासून कोटलिनमध्ये.