पेंड, निखारा आणि सुया : इकेजामधील एक नायजेरियन ग्रिल

लागोस राज्याची राजधानी असलेल्या इकेजामध्ये, मुख्य रस्त्यापासून थोड्या आत, उघड्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून चालणारे एक साधे ग्रिल आहे. तेथे आम्ही चौघे गेल्या दोन महिन्यांत तीन वेळा जेवलो. निखाऱ्यावरच्या जेवणाविषयी एका भेटीवरून मत बनवणे मला योग्य वाटत नाही. त्या संध्याकाळी आगीपाशी कोण उभा आहे, गर्दी किती आहे आणि मांस किती वेळापूर्वी सळईला लावले आहे, यावर चव पूर्ण बदलते, आणि या ठिकाणी ती बदललेली मी स्वतः अनुभवली.

येथे जाण्याचे पहिले कारण 'सुया', म्हणजे सळईला लावून निखाऱ्यावर भाजलेले मसालेदार मांस, हेच असावे. उत्तर नायजेरियातील हौसा समाजाचा हा पदार्थ आज देशभर मिळतो आणि दक्षिणेकडील लागोसमध्येही तो भाजणारे बहुतेक जण हौसाच असतात. विक्रेत्याला 'माई सुया' म्हणतात. हाक मारताना मात्र 'मालम' असे आदराने म्हणावे. मांसाचे अगदी पातळ, रुंद काप करून ते सळईत ओवतात, त्यांवर शेंगदाण्याचे तेल आणि 'याजी' नावाचा कोरडा मसाला चोळतात आणि भाजून झाल्यावर चिरलेला कांदा, टोमॅटो व कोबी यांच्यासह कागदात बांधून देतात.

या याजीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण मराठी माणसाला या जेवणाची वाट तिच्यातूनच सापडते. याजीचा आधार असतो कुली-कुली. शेंगदाणे भाजून वाटायचे, दाबून त्यांतले तेल काढून घ्यायचे आणि उरलेल्या गोळ्याचे लहान तुकडे करून ते तळून कडक करायचे, म्हणजे कुली-कुली तयार होते. आपल्याकडे घाण्यावर उरलेली पेंड गुरांपुढे जाते. येथे तीच कुटून तिच्यात सुंठ, सुकी मिरची, लवंग आणि मीठ मिसळतात आणि तिला थेट मांसावर मानाची जागा देतात. विसाव्या शतकाच्या मध्यास उत्तर नायजेरियातील कानो शहरात निर्यातीसाठी रचलेल्या शेंगदाण्याच्या पोत्यांचे उंच मनोरे प्रसिद्ध होते. ज्या मुलखात शेंगदाणा एवढा पिकत होता, तेथे मसाल्याचा पायाही त्याचाच असावा, हे ओघानेच आले. पहिल्या घासाला मला सोलापूरची शेंगदाणा चटणी आठवली. दोन्ही चवी एक नाहीत, याजीत लसूण जाणवत नाही आणि सुंठेची ऊब घशात बराच वेळ राहते. तरीही दाण्याचा तो खमंगपणा ओळखीचाच वाटतो.

शेंगदाणा आगीवर चटकन करपतो आणि करपला की कडवट होतो, म्हणून सुया भाजण्याचे सारे कसब सळई कोठे धरावी यात आहे. पहिल्या दोन्ही भेटींत मालमांनी मधोमध निखाऱ्यांचा ढीग करून सळया त्याच्याभोवती तिरप्या रोवल्या होत्या. त्यामुळे मांसाला बाजूने धग लागत होती आणि चरबी निखाऱ्यावर न पडता खाली ओघळत होती. मेंढ्याच्या मांसाची ती सुया मी आजवर खाल्लेल्या उत्तम भाजलेल्या पदार्थांपैकी एक होती : कडा किंचित कुरकुरीत, आत रस, आणि मसाला प्रत्येक घासाला निराळा कळत होता. तिसऱ्या वेळी शनिवार होता, गर्दी फार होती आणि एका तरुण मदतनिसाने सळया सरळ जाळीवर आडव्या टाकल्या. मसाला काळा पडला आणि कडूपणा शेवटपर्यंत गेला नाही. तक्रार केल्यावर त्यांनी काहीही न बोलता दुसरी सुया आणून दिली, याची मात्र नोंद केली पाहिजे.

सुयाचे रूढ मांस गोमांस आहे. ते वर्ज्य असणाऱ्यांना येथे मेंढा आणि कोंबडी मिळते. परंतु आग, सुरी आणि लाकडी ठोकळा सर्वांना एकच आहे. ज्यांना हे चालणार नाही, त्यांनी आधी सांगून वेगळी सोय होते का ते पाहावे. शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी सुयाच्या वाटेस जाऊच नये.

'असून' (asun), म्हणजे भाजलेले बकऱ्याचे मांस कांदा आणि 'आता रोदो' मिरचीत परतून केलेला योरुबा समाजाचा पदार्थ, येथे चांगला असला तरी फार तिखट आहे. आता रोदोला फळासारखा गोड वास येतो, त्यामुळे तिचा अंदाज चुकतो. कोल्हापुरी रश्श्यावर वाढलेल्या माझ्या मित्रालाही दुसऱ्या घासानंतर पाणी मागावे लागले. मागवतानाच 'स्मॉल पेपर', म्हणजे तिखट कमी, असे सांगावे.

'पॉइंट अँड किल' या नावाने मिळणारा मासा म्हणजे हौदातला जिवंत मागूर. आपण बोट दाखवायचे आणि तोच मासा भाजून यायचा. महाराष्ट्रात थाई मागूर म्हणून ज्याच्या संवर्धनावर बंदी आहे, तो मूळचा आफ्रिकेतलाच मासा. तेथे तो परका असल्याने स्थानिक माशांना घातक ठरतो, येथे तो आपल्या घरच्या पाण्यात आहे, म्हणून मी मनातली अढी बाजूला ठेवून तो मागवला. मांस मऊ, चरबीदार आणि वरचा मिरचीचा लेप सुरेख होता. मात्र फलकावर त्याचा दर नाही. माशाच्या आकारावरून तो तोंडी सांगितला जातो, आणि आम्ही आधी न विचारल्याने बिलाच्या वेळी अवघडलो. शिवाय मासा यायला तासाहून अधिक वेळ लागतो. हा या जागेचा खरा दोष आहे आणि एक लहानशी पाटी लावून तो सहज दूर करता येईल.

जोलोफ, म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या रश्श्यात शिजवलेला भात, सामान्य होता, त्याला तळाशी लागलेल्या भाताचा हवा तो धुरकट वास नव्हता. शाकाहारींसाठी भाजलेली कच्ची-पिकी केळी, म्हणजे बोली, आणि सोबत भाजके शेंगदाणे एवढेच खात्रीने सुचवता येईल. झोबो हे लाल अंबाडीच्या बोंडांचे थंड पेय साखर कमी घालून मागवावे; आले घातलेले ते आंबट पाणी तिखटानंतर फार बरे वाटते.

दुसऱ्या भेटीत मी मालमांकडे याजीची चौकशी केली, तेव्हा त्यांनी कागदाची एक पुडी बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत. येथे बाजारात 'गिनी कॉर्न' म्हणून मिळते ती ज्वारीच. तिच्या पिठाच्या भाकरी घरी केल्या आणि याजीत थोडे शेंगदाण्याचे तेल कालवून त्यांच्याशी खाल्ली. पुडी चार दिवसांत संपली.