भुलेश्वरला जाताना टॉर्च न्या आणि अर्धा दिवस हातात ठेवा

माझे वडील पाथरवट. जाती, पाटे-वरवंटे, उखळं घडवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. घरोघरी मिक्सर आल्यावर काम आटलं, पण छिन्न्यांची पिशवी अजून त्यांच्या कॉटखाली असते. अण्णा आता 73 वर्षांचे आहेत. यवतच्या डोंगरावरचं भुलेश्वरचं देऊळ त्यांना ऐकून माहीत होतं, पाहिलेलं नव्हतं. गेल्या पौषात त्यांना घेऊन गेले. मी स्वतः त्याआधी दोनदा जाऊन आले होते, आणि तरी मी ते देऊळ पाहिलेलंच नव्हतं हे त्या दिवशी मला कळलं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी रस्ता. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं निघालात की साधारण 45 किलोमीटरवर यवत लागतं, तिथून उजवीकडे डोंगराकडे वळायचं. सासवडकडूनही येता येतं. देऊळ पुरंदर तालुक्यातल्या माळशिरस गावाजवळ आहे. नकाशात नुसतं ‘माळशिरस’ टाकू नका, सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं माळशिरस निघेल. ‘भुलेश्वर’ टाका आणि जवळ यवत दिसतंय ना, ते बघून घ्या. पुणे-दौंड मार्गावर यवत स्टेशन आहे, पण तिथून वर जायची सोय आपली आपण करावी लागते, त्यामुळे वयस्कर माणूस बरोबर असेल तर गाडीच बरी. गाडी डोंगरावर जवळजवळ देवळापर्यंत जाते. पुढे थोड्या पायऱ्या आहेत. अण्णांचे गुडघे दुखतात, त्यांनी मध्ये दोनदा थांबून त्या चढल्या.

चढताना डोंगरावर तटाबुरुजांचे अवशेष दिसतात. हा दौलतमंगळ किल्ला. 1630च्या सुमारास ज्यानं पुणं उद्ध्वस्त केलं, त्या मुरार जगदेव या आदिलशाही सरदारानं तो बांधला. किल्ला नंतरचा, देऊळ त्याच्या कितीतरी आधीचं, यादवकाळातलं, तेराव्या शतकाच्या सुमाराचं. वरून खालची शेतं आणि लांबवर महामार्ग दिसतो. वारा जोराचा असतो, टोपी किंवा मफलर ठेवा.

देवळासमोर उभं राहिलात की पहिल्यांदा मन थोडं खट्टू होईल. समोर दिसते ती भिंत, कमानी आणि वर चुन्याच्या कामाचे घुमट. हे वरचं काम नंतरचं आहे. कोरीव काही आहे याचा बाहेरून अंदाजही येत नाही. माझ्या पहिल्या खेपेला माझ्याबरोबरची दोन माणसं इथूनच नमस्कार करून खाली वडापाव खायला गेली होती. तुम्ही जाऊ नका. आत शिरा.

आत शिरलं की समोर भिंत येते आणि दोन्ही बाजूंना अंधारातून वर जाणाऱ्या पायऱ्या. उजेडातून एकदम आत आल्यावर डोळ्यांना काही दिसत नाही. मी अण्णांचा हात धरायला गेले, तर तेच भिंतीला तळवा लावून म्हणाले, “पायरी उंच आहे, दमानं टाक पाय.” दगडाच्या पायरीवर त्यांना माझ्यापेक्षा जास्त भरवसा होता. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी इथे घाई करू नये, आणि लहान मुलांचा हात सोडू नये.

वर आल्यावर भलामोठा नंदी, पुढे मंडप आणि मग गाभारा. गाभाऱ्यात अंधारच असतो, समईच्या उजेडात पिंडीचं दर्शन होतं. पार्वतीनं नाचून शंकराला इथं भुलवलं, म्हणून हा भुलेश्वर, अशी कथा सांगतात. देवापुढे वाटीत पेढे ठेवले की त्यातला एखादा कमी होतो, देव घेतो, अशी इथली श्रद्धा आहे. अण्णांनीही पेढे दिले. परत आलेली वाटी त्यांनी मोजली नाही, कपाळाला लावून पिशवीत ठेवली. दर्शन शांतपणे झालं, कारण आम्ही साध्या बुधवारी सकाळी गेलो होतो. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला इथे प्रचंड गर्दी असते. माझी पहिली खेप श्रावणी सोमवारचीच. रांगेत पुढच्या माणसाची पाठ सोडून काही दिसलं नव्हतं. देवाला भेटायला सोमवारी जरूर जा. पण शिल्पं बघायची असतील तर वेगळा दिवस काढा.

आणि शिल्पंच बघायची असतात इथे. गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतींभोवती फिरायला अरुंद जागा आहे, आणि त्या भिंती खालपासून वरपर्यंत कोरलेल्या आहेत. देव, देवी, सुरसुंदरी, वादक, रथ, घोडे, हत्ती. महाभारतातले प्रसंग पट्ट्यांमधून कोरलेत. बाणांवर निजलेला भीष्म मी अण्णांना दाखवला, तर ते म्हणाले, “भीष्म दिसला, पण बाण बघ आधी. एवढ्या बारीक काड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, आणि एकही उडू द्यायची नाही.” काळा दगड म्हणजे कातळ, लाव्हाचा थिजलेला. छिन्नी पटकन बोथट होते, तिला पुन्हा पुन्हा भट्टीत घालून ठोकून पाणी द्यावं लागतं. त्यात या दगडाला कुठे कुठे भोकं असतात, जाळी असते. नेमकी ती भोकं नाकाच्या शेंड्यावर आली तर सगळं काम फुकट. म्हणजे कोरायच्या आधी दगड निवडायचं कसब. हे सगळं अण्णा बोलत होते आणि मी पहिल्यांदाच त्या भिंतीकडे कुणाच्या तरी हातचं काम म्हणून बघत होते.

इथे टॉर्चचं सांगते, हे कुणी सांगत नाही. मोबाईलचा उजेड शिल्पावर समोरून मारू नका. समोरून मारला की सगळं सपाट होतं, आणि फोटोही मेलेला येतो. टॉर्च भिंतीच्या अगदी कडेला धरा, उजेड दगडावरून घासत गेला पाहिजे. मग बघा. माळेतला एकेक मणी वर येतो, नेसणाच्या चुण्या दिसतात, बोटांच्या मधल्या खाचा दिसतात. अण्णांनी जात्याची तळी तपासताना आयुष्यभर असाच तिरका उजेड घेतला, सकाळच्या उन्हात दगड कलता धरून. मी त्यांना टॉर्च दिला आणि त्यांनी तो न सांगता कडेला नेला.

वैनायकी शोधाच. गणपतीचं तोंड आणि बाईचं शरीर असलेली ही देवी, मांडी घालून बसलेली, खाली उंदीर. गणेश्वरी, लंबोदरी असंही म्हणतात. ती उंचावर आहे, मान वर करूनच बघावी लागते, आणि घाईत असलेला माणूस तिच्याखालून निघून जातो. माझ्या दुसऱ्या खेपेला मीही गेले होते. तिथल्या पुजाऱ्यांना विचारा, हाताने दाखवतात. आम्हाला एका तरुण गुरवानं दाखवली आणि अण्णांना म्हणाला, “बाबा, तुम्ही टॉर्च असा धरता, मी आजपासून असाच दाखवणार.”

आता जे बघून वाईट वाटतं ते. बहुतेक मूर्तींची तोंडं फुटलेली आहेत. नाकं नाहीत, हात कोपरापासून तुटलेत, काहींचं तर सगळं डोकंच नाही. आक्रमणात फोडली. बरीच माणसं इथे येऊन “सगळं तोडलंय” म्हणून पाच मिनिटांत निघतात. मीही पूर्वी तसंच केलं होतं. अण्णा मात्र एका फुटक्या मूर्तीसमोर खूप वेळ थांबले. हातात आरसा घेतलेली बाई आहे ती. चेहरा पार गेलाय. अण्णांनी मला टॉर्च धरायला लावला आणि आपला हात दगडापासून वितभर लांब ठेवून हवेतच तिच्या कोपरावरून, मनगटावरून फिरवला. म्हणाले, “हिचा हात आणि कंबर यांच्यामध्ये फट ठेवलीय बघ. दगडात ही फट काढणं म्हणजे जीव मुठीत धरून काम. एक घाव जास्त पडला की हात गळून खाली. ज्यानं फोडली त्यानं तोंड फोडलं. ही फट त्याला दिसलीच नाही.” मग मी बघितलं. कोपर उचललेला, मनगट किंचित वळलेलं, एका पायावर भार, कमरेला बाक. ती आरशात बघते आहे हे तोंड नसतानाही कळतं. त्यानंतर मी भिंतीवरच्या सगळ्या मूर्तींचे फक्त हात बघत गेले. कुणी ढोल धरलाय, कुणी पायातला काटा काढावा तशी वाकलीय, कुणाच्या बोटांत फूल आहे. दोन तास गेले.

एक कळकळीची विनंती आहे. देऊळ संरक्षित स्मारक आहे, पण एवढ्या भिंतींवर प्रत्येक क्षणी कोण लक्ष ठेवणार. आम्ही गेलो तेव्हा एका खांबावर खडूनं नावं लिहिलेली होती, एका कोनाड्यातल्या मूर्तीला तेल आणि कुंकू फासून फासून त्यावर मेणचट थर चढला होता. त्या थराखाली कोरीव काम आहे. कुंकू गाभाऱ्यात वाहा. मुलांना मूर्तीच्या पायावर चढवून फोटो काढू नका. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी जे जीव मुठीत धरून कोरलं, ते आपल्या पिशवीच्या कडीनं घासून जाऊ नये.

बाकी सोयी साध्या आहेत. पाणी बरोबर न्या. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी दगड तापतो, मोजे असलेले बरे. बसायला जागा आहे, पण आतल्या गारव्यात बराच वेळ बसलात तर म्हाताऱ्या माणसाला शाल लागते. अण्णांना लागली. उन्हाळ्यात जाऊ नका असं मी म्हणेन, पाऊस सरल्यावर ते माघापर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. पावसाळ्यात डोंगर फार सुंदर होतो, पण गर्दी आणि निसरड्या पायऱ्या दोन्ही वाट्याला येतात.

आमचा बेत परत येताना लोणी काळभोरजवळचं रामदरा बघून घरी जायचा होता. अकरा वाजता आम्ही बाहेर पडलो, पायऱ्यांपर्यंत आलो आणि अण्णा थांबले. म्हणाले, आता ऊन वरून आलं असेल, ती आरशावाली पुन्हा एकदा बघू. मी म्हटलं, गुडघे दुखतील. ते वळलेसुद्धा होते. अंधारातल्या पायऱ्या त्यांनी परत चढल्या, या वेळी मध्ये न थांबता. उजेड बदलला होता आणि सकाळी न दिसलेली तिच्या पैंजणाची बारीक नक्षी आता टॉर्चशिवाय दिसत होती. रामदरा राहून गेलं.