वरच्या खोलीतल्या सिस्टर

माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या. इंग्रजी सबटायटल्स त्यांना वाचता येत नाहीत, म्हणून ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ बघताना मी शेजारी बसून मल्याळी संवाद मराठीत सांगत होते. हिंदी आलं की मला सुट्टी. छाया कदम यांची पार्वती मराठीत बोलली की त्याच मला दटावायच्या, “थांब गं, हिचं मला कळतंय.”

पायल कपाडियांच्या या सिनेमाला मे २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा ३० वर्षांनी पोचला होता. थेटरात बघायचा राहून गेला, मग हॉटस्टारवर बघितला. गोष्ट म्हणाल तर एवढीशी. मुंबईच्या हॉस्पिटलातल्या दोन मल्याळी नर्स, प्रभा (कनी कुसृती) आणि अनू (दिव्या प्रभा), एका खोलीत राहतात. प्रभाचा नवरा जर्मनीत, फोनसुद्धा नाही. अनूचा प्रियकर शियाज मुसलमान. पार्वती त्यांच्याच हॉस्पिटलात स्वयंपाक करते.

आम्ही इंदूरच्या रामबागेतले. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी. त्यामुळे मला इथे सगळ्यात आधी भिडला तो या सिनेमाचा भाषा टिपणारा कान. कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोलतं, यातच या माणसांचं एकटेपण दिसतं. हिंदी जमत नाही म्हणून कावलेला एक डॉक्टर आहे. प्रभाशी त्याला मल्याळीत बोलता येतं, तर नेमकं मनातलं तिथेही ओठावर येत नाही. आपल्याकडच्या हिंदी सिनेमात केरळची नर्स म्हणजे ‘अय्यो’ म्हणून हशा काढायला ठेवलेली. इथे ती थकून आलेली बाई आहे, बस.

पार्वतीचं दुखणं उलटं. भाषा तिची, शहरही तिचं म्हणायचं, पण नवरा गेला आणि खोली तिची आहे हे सांगणारा कागद एकही नाही. बिल्डर दारात. सासूबाई एकदम म्हणाल्या, “रेशनकार्डसुद्धा नाही?” मुंबईसारखंच आमचं इंदूरही गिरण्यांचं गाव होतं. हुकुमचंद मिल बंद पडली १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आणि कामगारांच्या देण्यांचा चेक निघाला डिसेंबर २०२३ मध्ये. तोवर किती पार्वत्या झाल्या असतील. छाया कदम मात्र बिचारेपणाचा वासही येऊ देत नाहीत. बिल्डरच्या जाहिरातीवर दगड मारतात तेव्हा सासूबाईंनी मांडीवर थाप मारली.

खटकलं ते शियाजचं. त्याच्या घरी जायला अनू बुरखा विकत घेते, निघते, आणि पावसाने बेत फिसकटतो. सिनेमाही तिच्याबरोबर गल्लीच्या तोंडाशीच थांबला. त्या घरात कोण आहे, त्याची आई कशी बोलते, काही कळत नाही. पोरगा गोड आहे, पण अनूचा प्रियकर यापलीकडे त्याला फारसं काही दिलेलं नाही. पार्वती गावी परतते, या दोघी तिला पोचवायला जातात. रत्नागिरीकडचा तो भाग संथ आहे. सासूबाईंची तिथे एक डुलकी झाली.

पण तो भात शिजवायचा कुकर! जर्मनीहून पार्सल येतं, लाल, चकचकीत. चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. रात्री प्रभा स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून त्याला कवटाळते. एक शब्द नाही, त्यामुळे मलाही काही सांगावं लागलं नाही.

आमच्या वरच्या खोलीत अशाच दोन सिस्टर भाड्याने होत्या, चार वर्षं. थंडीत खोबरेल तेलाची बाटली जिन्याच्या कठड्यावर उन्हात ठेवायच्या. नाइट ड्यूटीहून आल्या की सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन वर चढायच्या. भाडं एक तारखेला. सिनेमा संपल्यावर सासूबाईंनी विचारलं, “त्यांची नावं काय गं होती?”

मला एकीचं आठवलं. दुसरीला आम्ही ‘छोटी सिस्टर’च म्हणायचो.