ऑलिम्पिक नॅशनल पार्कचा किनारा: सूर्यास्तासाठी रिॲल्टो, रुबी की कॅलालॉक?

सिॲटल, बेलव्ह्यू, रेडमंडकडची मराठी मंडळी वीकेंडला ऑलिम्पिकच्या किनाऱ्यावर जातात ती बहुतेक फोटोत पाहिलेली जागा मनात धरून. इथे जागा ठरवायची ती महिना आणि ओहोटीची वेळ बघून. ४८ अंश अक्षांशाजवळ जूनअखेर सूर्य पश्चिमेच्या ३६ अंश उत्तरेला मावळतो, सव्वानऊच्या सुमारास. डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला सरकतो आणि साडेचारच्या आतच बुडतो. त्यामुळे एकाच पुळणीवर जून आणि डिसेंबरचं चित्र पार वेगळं असतं.

आमची पहिली पसंती रिॲल्टो बीच. पार्किंगपासून किनारा चार पावलांवर, समोर समुद्रातून वर आलेले खडकांचे सुळके आणि दक्षिणेला जेम्स आयलंड. प्रसिद्ध 'होल इन द वॉल' ही खडकातली कमान उत्तरेला २.४ किलोमीटरवर आहे. पण पायाखाली गोटे असल्याने चाल मंदावते, एका बाजूला तासभर धरा. कमानीतून पलीकडे जाता येतं ते फक्त ओहोटीला. भरतीच्या वेळी टेकाडावरून जाणारी चढाची वाट आहे, पण अंधारात ती नको. ओहोटी सूर्यास्ताच्या आसपास असेल तरच कमानीपर्यंत जा. नाहीतर साधारण १.३ किलोमीटरवरच्या एलन क्रीक या ओढ्याशी थांबा. सुळके तिथूनही दिसतात आणि तो ओढाही ओलांडावा लागत नाही.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक जवळच्या ला पुश इथल्या स्थानकाचं बघा आणि त्यात उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं ती) धरली आहे ना, तेही तपासा. तिथे चुकलात तर पूर्ण एका तासाने चुकाल, आणि इथे तासाभरात पाणी बरंच चढतं.

सेकंड बीच देखणा आहे, मात्र जंगलातून १.१ किलोमीटरची वाट आणि शेवटी ओंडक्यांचा ढीग ओलांडायचा. किनाऱ्यावर उजेड असतानाच झाडीत काळोख होतो, म्हणून प्रत्येकाच्या डोक्याला टॉर्च हवा. मोबाइलचा पुरत नाही, कारण ओंडके चढताना दोन्ही हात लागतात. उन्हाळ्यात उत्तर टोकाच्या कड्याला चिकटून उभे राहू नका, सूर्य त्याच्या आड जातो. पुळणीच्या मध्याकडे सरका.

रुबी बीच हायवे १०१ ला लागूनच, खाली उतरायला जेमतेम पाव मैल. याची खरी मजा हिवाळ्यात: डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य जवळपास डिस्ट्रक्शन आयलंडच्याच दिशेला मावळतो, दीपगृहाचं ते बेट नैर्ऋत्येला स्पष्ट दिसतं. अर्थात आकाश मोकळं असलं तर. हिवाळ्यात तशी संध्याकाळ क्वचितच मिळते, म्हणून फक्त त्यासाठी मुक्काम बुक करू नका.

भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील, गुडघ्यांचा त्रास असेल, तर कॅलालॉक. लॉजजवळच्या उंच काठावरून, खाली न उतरता, सगळं क्षितिज दिसतं. सुळके नाहीत, फोटो साधा येतो. पण बसून, निवांत सूर्यास्त बघायला यापेक्षा सोयीची जागा या किनाऱ्यावर नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त घोळ घालतं ते धुकं. थंड पाण्यावरची दमट हवा गारठून समुद्रावर ढगांचा थर बसतो आणि सूर्याला क्षितिजाला टेकण्याआधीच गिळतो. आतल्या भागात लख्ख ऊन आहे म्हणून किनाराही मोकळा असेल, हा हिशेब चुकतो. जमल्यास सप्टेंबर गाठा. आकाश उघडं असेल तर सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नका. रंग बहुधा त्यानंतरच्या वीसेक मिनिटांत चढतात.

ओंडक्यांवर बसून लाटा बघू नका, विशेषतः मुलांना घेऊन. भरतीची एखादी मोठी लाट टनावारी वजनाचा ओंडका सहज उचलते आणि माणूस खाली चिरडतो. रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, तेव्हा नकाशा आणि ओहोटीचं वेळापत्रक फोर्क्स गावातच उतरवून घ्या, पेट्रोलही तिथेच भरा.