स्टीम डेक आणि पळणं: आठ महिने वापरल्यानंतर

दोन्ही एकाच आठवड्यात घरात आलं. ओलेड स्क्रीनचा स्टीम डेक, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा कम्प्युटर, हौसेने घेतला आणि पळायचे शूज धास्तीने, कारण आता हातात डेक आला की आपण सोफ्यावरून उठणार नाही याची खात्री होती. लहान भावाने तेव्हाच सांगून टाकलं होतं, "ताई, दोन महिन्यांत शूज माळ्यावर आणि डेक माझ्याकडे." आठ महिने झालेत. शूजचे 510 किलोमीटर झालेत, आणि डेकच्या डाव्या स्टिकची खडबडीत कड माझ्या अंगठ्याने घासून गुळगुळीत झाली आहे. अनुभव दोन्हींचा एकत्रच लिहितेय, कारण एकाने शिकवलेली गोष्ट मी दुसऱ्यात वापरली.

आधी डेक. 7.4 इंची स्क्रीन, 640 ग्रॅम वजन, 50 वॉट-अवरची बॅटरी हे सगळं घेण्याआधीच पाठ होतं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त कामी आलं ते वरच्या कडेचं छोटंसं पॉवर बटण. दाबलं की गेम आहे तिथे गोठतो, परत दाबलं की तिथूनच पुढे. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम खेळणाऱ्यांना याची किंमत कळेल. त्यात सेव्ह करायचं तर आपल्या पात्राला झोपवून दिवस संपवावा लागतो, आणि एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा. कम्प्युटरवर "एवढा दिवस संपवते आणि उठते" म्हणायचे आणि तास जायचा, कारण दिवस संपला की दुसऱ्या दिवशीचं पीक काढणीला आलेलं असायचंच. आता हातात झारी असताना, अर्ध्या वाफ्याला पाणी घालून झालं असताना बटण दाबते आणि शूज घालते. परत आल्यावर उरलेला अर्धा वाफा वाट बघत असतो.

एकदा मात्र बटण दाबल्याच्या भ्रमात चालू गेमसकट केसमध्ये कोंबला. तासाभराने काढला तर तव्यासारखा तापलेला आणि बॅटरी 11 टक्के. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून पंखा थांबल्याचा आवाज, म्हणजे आवाज थांबल्याची शांतता, ऐकूनच चेन लावते.

बॅटरीबद्दल लोक फार विचारतात. मोठा गेम पूर्ण जोर लावून चालवला तर डेक 20 वॉटच्या पुढे ओढतो, मग दोन-सव्वादोन तासांत खेळ खलास. उजवीकडच्या तीन टिंबांच्या बटणाखाली परफॉर्मन्सचा मेनू आहे. तिथे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्सची, म्हणजे चित्रांची, मर्यादा 45 केली आणि टीडीपी (प्रोसेसरने किती वीज ओढायची त्याची मर्यादा) 8 वॉटवर आणला की माझ्या बहुतेक गेम्समध्ये एकूण खर्च 12-13 वॉटवर येतो आणि तीच बॅटरी चार तास पुरते. 60 फ्रेम्सला एक फ्रेम 16.7 मिलिसेकंद दिसते, 45 ला 22.2. स्क्रीन 90 हर्ट्झची असल्यामुळे प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दाखवली जाते, अडखळत नाही. पहिली पाच मिनिटं फरक जाणवतो, मग डोळा विसरून जातो. मी पहिले दोन महिने हट्टाने सगळं कमाल ठेवून खेळले आणि कायम चार्जरला बांधलेली राहिले.

पळण्यातही मी नेमकं हेच केलं, फक्त कळायला जास्त वेळ लागला. सुरुवात 'काउच टू 5के'ने केली, म्हणजे सोफ्यावरून उठवून 5 किलोमीटर पळण्यापर्यंत नेणाऱ्या वेळापत्रकाने: नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात 60 सेकंद पळायचं, 90 सेकंद चालायचं, एवढंच. ज्यांनी केलंय त्यांना पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस आठवत असेल. आदल्या वेळी आठ-आठ मिनिटांचे दोन तुकडे असतात आणि त्या दिवशी एकदम सलग 20 मिनिटं. आदल्या रात्री झोप नव्हती. जमलं मात्र. आणि ते जमलं म्हणून डोक्यात हवा गेली. नऊ आठवडे संपले तशी रोज पळायला लागले, रोज कालच्यापेक्षा जोरात. सहाव्या दिवशी नडगीच्या आतल्या बाजूला ठणका सुरू झाला तो इतका की जिना उतरताना कठडा धरावा लागला. तीन आठवडे बंद.

त्या तीन आठवड्यांत डेकवर हेडीस नावाचा गेम खेळले. त्यात पाताळातून निसटायच्या प्रत्येक प्रयत्नाला रनच म्हणतात. मेलात की परत घरी, पण काहीतरी कमाई हातात घेऊन. नडगीला हा नियम लागू नाही, ती कमावलेलंही काढून घेते.

परत सुरू केलं तेव्हा टीडीपी कमी करून. म्हणजे पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग कमी. किलोमीटरला 7 मिनिटं 50 सेकंद. झपझप चालणारे एक आजोबा मला मागे टाकून गेले आणि वळून हसले. घड्याळ मात्र हृदयाचे ठोके 168 दाखवत होतं आणि मी आरामात बडबडत होते. मग पावलं मोजली तर मिनिटाला 168! पट्टा सैल असल्यामुळे मनगटावरचा सेन्सर ठोक्यांऐवजी पावलांचीच लय पकडून बसला होता. दोन भोकं आवळला, आकडा 140 वर आला. सैल घड्याळाच्या आकड्यावर विश्वास ठेवून आपण किती अनफिट आहोत म्हणून उगाच झुरणाऱ्यांनी आधी पट्टा बघा. आता तेवढ्याच दमात वेग 7 मिनिटं 10 सेकंदांवर आला आहे. नडगी गप्प आहे.

तक्रारी आहेतच. झोपून, डेक छातीवर धरून खेळलं की मनगटं भरून येतात. मांडीवर उशी आणि उशीवर कोपरं, हा उपाय चालला. रात्री साडेबारापर्यंत खेळलं तर सकाळचं पळणं रडतखडत होतं, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही. आणि पळून आल्या आल्या घामट हातांनी खेळू नका, अंगठा घसरतो आणि उगाच गेममधल्या बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूच्या, हातून मरता.

शूज साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकतात म्हणतात. माझ्यांची टाचेची बाहेरची कड झिजली आहे, दाबल्यावर फोम पूर्वीसारखा उसळत नाही, तेव्हा नवे बघतेय. भावाला डेक दोन दिवसांसाठी हवाय. सोमवार आणि शुक्रवार सोडून कधीही ने म्हटलंय, त्या दिवशी मी पळत नाही.