आर आणि आरस्टुडिओ: जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीचा वर्षभराचा अनुभव

एम.एस्सी. वनस्पतीशास्त्राच्या पहिल्या वर्षापासून मी आकडेमोडीसाठी 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा वापरतेय, तेही आरस्टुडिओ या तिच्यासाठीच्या सॉफ्टवेअरमधून. बायोस्टॅटचा पेपर, मुगाच्या बियांवरचं प्रोजेक्ट आणि आता डेझर्टेशन, सगळं त्यातच चाललंय. गणित नको म्हणून जीवशास्त्र घेतलं आणि आता 'डेटा ॲनालिसिस करून आणा' असं ऐकावं लागतंय, अशांसाठी हे सविस्तर लिहितेय.

आधी पैशाचं. आर फुकट आहे, आरस्टुडिओची डेस्कटॉप आवृत्तीही फुकट. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघा प्राध्यापकांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आरवर काम सुरू केलं, ते विद्यार्थ्यांना शिकवता यावं म्हणूनच. २०००च्या फेब्रुवारीत १.० आवृत्ती आली. माझा लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा, पण आमच्या आकाराच्या डेटाला तेवढा पुरतो. टायडीव्हर्स हा पॅकेजांचा (आरला जोडायच्या तयार साधनांचा) गठ्ठा मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून उतरवायला बराच वेळ लागतो, पण एकदा बसला की नेट नसलं तरी काम अडत नाही. होस्टेलवर राहणाऱ्यांना याचं मोल कळेल.

सुरुवातीचे काही आठवडे मात्र चिकाटी लागते. स्पेलिंगमध्ये एक अक्षर कॅपिटलचं स्मॉल झालं तरी गाडी अडते. विंडोजवर फाईलचा पत्ता जसाच्या तसा चिकटवला तर चालत नाही, त्यातल्या तिरक्या रेघा उलट्या कराव्या लागतात. आणि एरर मेसेज! 'ऑब्जेक्ट ऑफ टाइप क्लोजर इज नॉट सबसेटेबल' हा सगळ्यांच्या वाट्याला येतो. होतं असं की आपण तक्त्याला 'डेटा' नाव द्यायचं ठरवतो, पण फाईल वाचून घेणारी ओळ चालवायची राहते. 'डेटा' नावाचं एक फंक्शन, म्हणजे तयार आज्ञा, आरमध्ये आधीपासूनच असतं. मग आर त्या फंक्शनमध्येच आपला कॉलम शोधायला जातं आणि अडतं. म्हणून तक्त्याला 'मूग' किंवा 'पाने' असं स्वतःचं नाव द्यावं आणि ओळी वरून खाली क्रमाने चालवाव्यात.

सराव कशावर करायचा? माझं उत्तर: पेंग्विनवर. अंटार्क्टिकाच्या पामर बेटसमूहावर २००७ ते २००९ या काळात मोजलेल्या ३४४ पेंग्विनांचा तक्ता मोफत मिळतो, आणि आर ४.५ पासून तो सोबतच येतो. ॲडेली, चिनस्ट्रॅप आणि जेंटू अशा तीन जाती. चोचीच्या लांबीची सरासरी काढायला गेलं की उत्तर येतं 'एनए', म्हणजे 'उपलब्ध नाही', कारण दोन पक्ष्यांची मापंच नाहीत. ती वगळायची, असं आपण लिहून द्यावं लागतं, तेव्हा कुठे सरासरी मिळते. हे मला फार आवडतं. गाळलेली गोष्ट गुपचूप गाळली जात नाही, स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञांच्या फाईलमध्ये, तिची नोंद राहते.

त्याच तक्त्यात चोचीची लांबी आणि जाडी यांचा सहसंबंध काढा. तो ऋण येतो, उणे ०.२४च्या आसपास, म्हणजे चोच लांब तर जाडी कमी. आता जीजीप्लॉट या आलेख काढायच्या पॅकेजमध्ये ठिपक्यांना जातीनुसार रंग द्या. तीन वेगळे ढग दिसतात आणि प्रत्येक ढगात रेघ वर जाते, म्हणजे चोच लांब तर जाडही. जेंटूंच्या चोची लांब आणि निमुळत्या, ॲडेलींच्या आखूड आणि जाड. दोन्ही एकत्र कालवले की चित्र उलटं होतं. गट एकत्र केले की कल उलटा दिसतो, हा सिम्प्सनचा विरोधाभास पुस्तकात वाचून जेवढा कळला नव्हता, तेवढा त्या एका आलेखात कळला. तेव्हापासून आलेख पाहिल्याशिवाय मी कुठलीच टेस्ट लावत नाही.

हाताने गणितं करणं सोडू नका, एवढं मात्र सांगेन. मेंडेलचे वाटाणे घ्या: ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. ३:१ प्रमाणात अपेक्षा ५४९३ आणि १८३१ची. फरक १९चा, त्याचा वर्ग ३६१, तो दोन्ही अपेक्षांनी भागून बेरीज केली की काय-स्क्वेअर, म्हणजे अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या तफावतीचं माप, साधारण ०.२६. आर हेच एका ओळीत देतं, सोबत पी-व्हॅल्यू ०.६१, म्हणजे प्रमाण खरंच ३:१ असेल तर एवढी किंवा याहून मोठी तफावत निव्वळ योगायोगाने यायची शक्यता. कागदावर एकदा केलेलं असलं की ती ओळ काय करते हे नेमकं कळतं.

खरं घोडं पेंड खातं ते याच्या पुढे. आमच्या प्रोजेक्टमध्ये मुगाच्या बिया मिठाच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणात घातल्या होत्या. प्रत्येक तीव्रतेला ३ पेट्री डिश, प्रत्येक डिशमध्ये १० बिया. मुळांची लांबी मोजली की प्रत्येक तीव्रतेचे ३० आकडे हातात येतात. मग एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, किती, ३० की ३? मीठ दिलं ते डिशला, एकेका बीला नाही. एका डिशमधल्या दहाही बियांना द्रावण तेच आणि ट्रेमधली जागाही तीच, म्हणजे ती मापं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. एन ३. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या घोटाळ्याला 'स्यूडोरेप्लिकेशन' असं नाव दिलं. आरला ३० ओळी दिल्या तर ते निमूटपणे ३० धरून छान छोटी पी-व्हॅल्यू काढून देतं. आकडे कुठून आले हे त्याला ठाऊक नसतं, ते आपणच सांगायचं असतं. आमच्या मॅडम लॅपटॉप उघडण्याआधी प्रत्येकाकडून कागदावर एन लिहून घेतात. हा नियम प्रत्येक विभागात असावा असं मला मनापासून वाटतं. उपाय सोपा आहे: डिशची सरासरी काढून त्यावर ॲनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी टेस्ट) करा. डिश पुष्कळ असतील तर एलएमई-फोर पॅकेजमध्ये डिशला रँडम इफेक्ट म्हणून घेता येतं, म्हणजे डिश-डिशमधला फरक हिशोबात धरला जातो. बी उगवली की नाही, असा हो-नाहीचा डेटा असेल तर टक्केवारीवर ॲनोव्हा न लावता बायनोमियल जीएलएम हे अशाच डेटासाठीचं मॉडेल वापरा.

'एक्सेल असताना हे कशाला?' असं मैत्रिणी विचारतात. नोंदी करायला मीही एक्सेलच वापरते. पण ते सेप्ट-टू नावाच्या जनुकाची परस्पर २ सप्टेंबर ही तारीख करून टाकतं. हा त्रास इतका वाढला की २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलली. शिवाय एक्सेलमध्ये काय केलं हे महिन्याभराने आठवत नाही. आरची स्क्रिप्ट गाईडना पाठवली की प्रत्येक पायरी त्यांच्यासमोर असते.

आलेखावर मराठी लिहायचं असेल तर ४.२ किंवा पुढची आवृत्तीच घ्या, त्याआधी विंडोजवर देवनागरीचा पार गोंधळ व्हायचा. तरी जोडाक्षरं तुटतातच. त्यासाठी रॅग पॅकेज टाकून आरस्टुडिओच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये बॅकएंड 'एजीजी' निवडा. विज्ञान दिनाच्या पोस्टरवर 'अंकुरण' आणि 'तीव्रता' हे शब्द त्यामुळेच नीट छापून आले.

एक आनंदाची गोष्ट सांगायलाच हवी. जनुकांचे नकाशे काढणाऱ्या आर-क्यूटीएल पॅकेजमध्ये नकाशावरचं अंतर मोजण्याची पद्धत निवडावी लागते. त्यातला एक पर्याय 'कोसांबी'. हे आपले दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्यात जन्मलेले, पुण्यात राहिलेले. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण १९४४ साली प्रसिद्ध झालेलं त्यांचं हे सूत्र जगभरचे जनुकशास्त्रज्ञ आजही वापरतात. पर्यायांच्या यादीत ते नाव पाहिलं तेव्हा ऊर भरून आला.

यंदा एम.एस्सी.ला प्रवेश घेणाऱ्यांनी प्रोजेक्टची वाट न बघता पहिल्या सेमिस्टरलाच आर टाकून घ्यावं, आणि प्रयोगाची आखणी करतानाच खोट्या आकड्यांचा एक तक्ता बनवून त्यावर ॲनालिसिस चालवून बघावं. डिश वाढवायच्या की बिया, हे तेव्हाच कळतं, आणि तेव्हा ते बदलताही येतं.