कुत्र्यासाठी आवार आणि निवारा: चेनलिंक, वेल्डमेश की बांधीव खोली?

बंगल्याच्या अंगणात किंवा शेतघराजवळ कुत्र्यासाठी पिंजरा करायचा म्हटलं की आधी छपराची चर्चा होते. प्रत्यक्षात ही बांधकामं बाद होतात ती खालच्या दोन फुटांत. कुत्रा तिथेच मुततो, उकरतो, धडका देतो. धुतलेलं पाणी तिथेच साचतं आणि उंदीर, त्याच्यामागून साप, तिथूनच आत शिरतात. म्हणून चेनलिंक (तारा एकमेकींत विणलेली जाळी), वेल्डमेश (तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी) आणि बांधीव खोली हे तिन्ही पर्याय खालून वर बघत जाऊ.

हिशेबासाठी एक माप धरू: ६ फूट रुंद, १५ फूट लांब, साडेसहा फूट उंच. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर किंवा कारवान अशा एका कुत्र्याला ते पुरतं. पण यामुळे रोजचं फिरवणं टळत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात, कलम ११ मध्ये, सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला हिंडवायला हयगय करणं हाही गुन्हाच धरला आहे.

चेनलिंक

तीस-चाळीस फुटांच्या बाजू असलेलं मोठं आवार करायचं असेल तर चेनलिंकइतकं स्वस्तात काही होत नाही. लहान पिंजऱ्याला मात्र ती घेऊ नये. बाजारात सर्रास मिळते ती १२ गेजची, म्हणजे साधारण २.६ मिमी तारेची. कुत्र्यासाठी किमान १० गेज, सव्वातीन मिमी, हवी.

तिची खोड विणीत आहे. प्रत्येक तार नागमोडी असते आणि शेजारच्या तारेत नुसती अडकवलेली असते, कुठेही जोड नसतो. कुत्र्याने चावून एक तार तोडली की ती पिळाच्या स्क्रूसारखी फिरत वर सरकते आणि जाळी उभी उसवते. शिवाय खालची कड मोकळी असेल तर कुत्रा नाक घालून ती उचलतो, मग डोकं, मग खांदे. यावर उपाय असा: जाळीच्या तळातून ८ गेजची तार ताणून ओवायची आणि तिला दर फुटावर बांधायचं. मग दीड फूट रुंदीची जादा जाळी आतल्या बाजूला जमिनीत आडवी, चार-सहा इंच खोल पुरायची. उभी पुरलेली जाळी कुत्रा तिच्या खाली उकरत जातो. आडवी असली की कुंपणाला चिकटून उकरायला लागतो तोच पंजे जाळीवर लागतात.

जाळी दातांत धरून ओढायची सवय असलेल्या कुत्र्याला चेनलिंक अजिबात नको. ती दबते, परत येते, त्याला खेळ सापडतो आणि सुळे झिजतात.

वेल्डमेशचा पिंजरा

बहुतेक घरांना हाच पर्याय बरोबर बसतो. फॅब्रिकेटरला तीन गोष्टी नेमक्या सांगायच्या. जाळी २ x २ इंच, तार ४ मिमी. बारीक तारेचे वेल्डिंगचे डाग धडकांनी सुटतात आणि उघडी टोकं डोळ्यात जातात. जाळी सांगाड्याच्या आतून लावायची, म्हणजे कुत्रा रेटतो तेव्हा ती सांगाड्यावर दाबली जाते. बाहेरून लावली तर प्रत्येक धडक थेट वेल्डिंगवर येते. आणि जाळीच्या कापलेल्या कडांवर २० x ३ मिमीची पट्टी हवी.

सांगाड्याला अँगल (काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी) की चौकोनी पाइप? वरच्या मापाच्या पिंजऱ्याला दारासकट सुमारे ६६ मीटर माल लागतो. ४० x ४० x ५ चा अँगल मीटरला ३ किलो, म्हणजे जवळपास २०० किलो. ४० x ४० चा २ मिमी जाड पाइप मीटरला साधारण २.३५ किलो, म्हणजे १५५ किलो. काम किलोवर ठरत असेल तर पाइप स्वस्त पडतो, दिसतोही नीटस. पण पाइप आतून गंजतो आणि ते बाहेरून कळत नाही. वरची तोंडं बंद केली नाहीत आणि खालचं टोक काँक्रीटमध्ये गाडलं, की पावसाचं पाणी आत साचून खांब फरशीलगत कुजतो. नर कुत्रा रोज ज्या खांबावर पाय वर करतो तो सगळ्यात आधी जातो. म्हणून खांब गाडायचेच नाहीत. तळाला ४ x ४ इंचाची प्लेट जोडून ते फरशीच्या कडेने बांधलेल्या सहा इंची कट्ट्यावर अँकर बोल्टने बसवायचे. सडला तर एकच खांब बदलता येतो.

किनारपट्टीवर, रत्नागिरी-मालवणपासून गोव्यापर्यंत, नुसता रेड ऑक्साइड आणि ऑइलपेंट खाऱ्या हवेत फार टिकत नाही. तिथे सांगाडा तयार झाल्यावर जस्ताच्या तापल्या हौदात बुडवून घेणं परवडतं. आधीच जस्त चढवलेला पाइप आणून वेल्डिंग केलं तर सांध्यावरचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. निदान त्या जागी जस्ताचा रंग तरी हवा.

साप-उंदरांसाठी खालच्या दोन फुटांवर बाहेरून अर्ध्या इंची जाळी अजून एक. इथे लोक पैसे वाचवतात आणि पावसाळ्यात घोणस आत सापडते.

बांधीव खोली

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात, जिथे ऊस घरापर्यंत आलेला असतो, तिथे निवड करायला फार जागा नाही. बिबट्या सहा-सात फुटांची भिंत सहज ओलांडतो, आणि अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट. वरून उघडा पिंजराही तिथे निरुपयोगी. जाळीचं छत घातलं तरी रात्री बिबट्या बाहेर घिरट्या घालत असताना आतला कुत्रा घाबरून स्वतःला जखमी करून घेतो. दिवसा जाळीचं आवार आणि अंधार पडायच्या आत बंद खोली, अशी जोडीच तिथे करावी.

खोली ५ x ५ फूट, पण उंची सहा फूट, कारण झाडायला माणूस आत जायचा असतो. समोरासमोर दोन झरोके, एक खाली, एक वर. त्यांना १२ मिमीच्या सळ्या दोन-दोन इंचांवर. छत स्लॅबचं. स्लॅब विदर्भ-मराठवाड्यात दिवसभर तापून रात्री आत आग ओकतो हे खरं आहे. पण त्यावर चुन्याचा पांढरा हात देता येतो, आणि कौलं मात्र बिबट्याचं सोडा, वानरंही सरकवतात. जिथे बिबट्याची भीती नाही तिथे पत्रा चालेल, मात्र त्याच्या खाली सहा इंचांची मोकळी पोकळी ठेवून दुसरा थर हवा. एकेरी पत्र्याखाली एप्रिलच्या दुपारी कुत्रा थांबणार नाही, बाहेर भिंतीच्या सावलीला जाऊन पडेल.

बांधीव कामाचा मोठा तोटा गोचिडांचा. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून उतरते आणि बहुतेकदा भिंतीवर वर चढते. एखादी भेग, चौकटीमागची फट, छपराचा सांधा गाठते आणि तिथे हजारो अंडी घालून मरते. कुत्र्याला कितीही औषध लावलं तरी महिन्याभरात तेच, कारण खरी वस्ती भिंतीत असते. तेव्हा आतून खरबरीत गिलावा नको, सिमेंटची घोटाई हवी, कोपरे गोलाईचे, चौकटीच्या कडा सिमेंटने बुजवलेल्या. उघड्या विटांची सजावट घरासाठी ठेवा.

फरशी

माती कुत्र्याला आवडते, पण पार्व्होचा (कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा) विषाणू जमिनीत अनेक महिने तग धरतो आणि माती निर्जंतुक करता येत नाही. कोब्यावर, म्हणजे सिमेंट काँक्रीटच्या जमिनीवर, विष्ठा काढून, घासून, एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी दहा मिनिटं ठेवलं की काम होतं. शहाबादी फरशी गार लागते खरी, पण सांधे कालांतराने उघडे पडतात आणि त्यांत मूत मुरतं. गुळगुळीत टाइलवर मागचे पाय घसरतात, म्हातारा कुत्रा तर उठूच शकत नाही. एकूण विचार करता कोबाच, वरून झाडूने हलकी रेघ ओढलेला.

९० चौरस फुटांना चार इंच जाडी म्हणजे ३० घनफूट काँक्रीट. एकास दोन चार प्रमाणात सिमेंटच्या ६ गोण्या, १४ घनफूट वाळू, २७ घनफूट खडी. उतार लांबीला नको, रुंदीला द्या: सहा फुटांत दीड इंच. लांबीला दिला तर मूत पंधरा फूट वाहत बसतं. नाली आवाराच्या बाहेर ठेवा. त्या बाजूला कट्टा सलग न बांधता मधेमधे दोन इंची तोंडं सोडा आणि तोंडांना जाळी लावा. लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा रोग) आणणारा उंदीर नालीतूनच येतो.

निवाऱ्याचं तोंड पूर्वेला बरं. नैऋत्येचा पाऊस आणि दुपारचं ऊन दोन्ही पाठीवर जातात. बसायला जमिनीपासून चार-सहा इंच उंच फळी किंवा नवारीची खाट. परदेशी नकाशांत अंगाच्या उबेसाठी अगदी तंग खोकं दाखवतात, ते आपल्याकडे फार तर निफाडच्या जानेवारीत कामाला येईल.

दार अडीच फुटांचं, आत उघडणारं. बाहेर उघडणाऱ्या दारातून जेवण घेऊन जाताना कुत्रा पायांमधून निसटतो. वरची बिजागरी उलटी बसवा, म्हणजे दार उचलून निघत नाही. नुसती सरकती कडी नाकाने उघडायला काही कुत्रे आठवड्यात शिकतात, तेव्हा कोयंड्यात खिट्टी हवीच. आणि फॅब्रिकेटरला मापं कोबा झाल्यावर, त्याला सात दिवस पाणी मारून झाल्यावरच घ्यायला बोलवा. उताराचा दीड इंच कागदावर कुणाच्या लक्षात राहत नाही आणि मग दाराखाली नेमकी तेवढीच फट उरते.